कॅलेंडरमागचा हिशेब

दिवाळीआधी आईकडे आवराआवरीला गेले होते. नाशिकच्या श्रमिकनगरातलं आमचं तेच दोन खोल्यांचं घर. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तर तळाशी सुतळीनं बांधलेली कॅलेंडरांच्या पानांची गुंडाळी निघाली. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. किराणा दुकानात फुकट मिळायची तसली ती कॅलेंडरं, एका बाजूला देवाचं चित्र आणि तारखा, दुसरी बाजू कोरी. महिना संपला की अण्णा पान काढून घ्यायचे आणि त्या महिन्याचा हिशेब पाठीमागे मांडून ठेवायचे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. रेघा पट्टीनं मारलेल्या. टर्नर माणूस, सुताचा फरक त्यांना खपायचा नाही.

गुंडाळीच्या पोटात एक हिरवं कार्ड घडी घालून ठेवलेलं होतं. मी ते लगेच ओळखलं.

कार्डावर १५६ चौकोन, म्हणजे तीन वर्षांचे आठवडे. दर आठवड्याला ५० रुपये भरायचे, एजंटनं चौकोनात जांभळा शिक्का मारून सही करायची. तीन वर्षांत ७,८०० भरले की १५,६०० हातात. वरच्या बाजूला लक्ष्मी, खाली तिरंगी पट्टी, आणि त्या पट्टीत छापलेलं, 'राष्ट्रउभारणीत आपला वाटा'. लहानपणी ही पट्टी माझ्या कधी नजरेतच भरली नव्हती. अण्णांचे ८३ चौकोन भरलेले आहेत. चौऱ्याऐंशीव्या चौकोनात पेन्सिलचा बारीक ठिपका आहे. त्या रविवारी पैसे काढून ठेवले, एजंट आला नाही, त्याची ती खूण असणार.

त्या ठिपक्याकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. आईनं दोनदा हाक मारली.

अण्णा सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर होते, एकोणीस वर्षं. 'कायम' कामगार. या शब्दाचं वजन आता कुणाला कळायचं नाही. त्या काळात स्थळ बघताना 'मुलगा कायम आहे' एवढं सांगितलं की मुलीचा बाप पुढचं काही विचारत नसे. नोव्हेंबर १९९७ मध्ये गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली. चार महिन्यांचा पगार आधीच थकलेला, त्यात ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे. अण्णा एका गोदामावर रात्रीचे वॉचमन म्हणून जायला लागले. आईनं फॉल-पिकोचं मशीन घेतलं. कार्डाचे ५० रुपये त्यातून निघत.

अशा योजनांत माणसं लोभापायी फसतात असं लोक सहज बोलून जातात. मला ते ऐकवत नाही, कारण मी ते घरात बघितलेलं आहे. एजंट रविवारी सकाळी दहाला यायचा. अण्णा नऊलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. एरवी चहा स्टीलच्या पेल्यातून, त्या दिवशी कपबशी निघायची. एजंट त्यांना 'साहेब' म्हणायचा. "साहेब, पैसे हातात आले की काय करायचं ठरवलंय?" असं विचारायचा, आणि अण्णा सांगायला लागायचे. जुनं लेथ मशीन घ्यायचं, अंबडला कुणाच्या तरी शेडमध्ये कोपरा भाड्यानं घ्यायचा, दोन पोरांना काम शिकवायचं. आठवड्याच्या सात दिवसांत अण्णांना पुढचं काही विचारणारा तो एकच माणूस होता. बाकी सगळे मागचं विचारायचे. 'काय झालं हो तुमच्या कंपनीचं?' ते ५० रुपये त्या अर्ध्या तासाचे होते, असं मला आज वाटतं.

मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होते. एकदा आकडेमोड करून त्यांना दाखवली. पैसे आठवड्या-आठवड्यानं भरायचे, म्हणजे सरासरी दीडच वर्ष त्यांच्याकडे राहणार, आणि त्यावर दुप्पट देणार, म्हणजे वर्षाला साठ टक्क्यांच्या वर व्याज झालं. बँकेत तेव्हा दहा-बारा टक्के मिळायचे. हे लोक हा पैसा लावतात तरी कुठे? अण्णा माझ्यावर इतके कधीच चिडले नव्हते. "चांगलं काही चाललेलं बघवत नाही तुला," म्हणाले. जो माणूस मिठाच्या पुडीचा आणि काडेपेटीचा खर्च लिहून ठेवायचा, त्यानं एजंटला एवढा एक प्रश्न कधी विचारला नाही. विचारला असता तर रविवारचा तो अर्धा तास गेला असता.

मग १९९९ चा मे महिना आला आणि कारगिल सुरू झालं.

नाशिकला ती लढाई लांबची नव्हती. देवळालीला तोफखान्याची शाळा, आणि द्रासच्या डोंगरांवर बोफोर्स तोफा धडाडत होत्या. मिग विमानं ओझरच्या कारखान्यात बनायची. २७ मेला एक मिग-२१ आणि एक मिग-२७ अशी आपली दोन विमानं पडली, तेव्हा आमच्या गल्लीत एचएएलमध्ये, म्हणजे त्याच ओझरच्या कारखान्यात, कामाला असलेले एक काका ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. अण्णांनी वर्तमानपत्रातला नकाशा कापून भिंतीला चिकटवला. रात्रपाळीहून आले की झोपायच्या आधी रेडिओ लावायचे आणि नकाशावर पेन्सिलनं खुणा करायचे. तोलोलिंग. टायगर हिल. बटालिक. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. चौकात सैनिक निधीचा डबा ठेवला होता, त्यात अण्णांनी ५१ रुपये टाकले. आमच्या घरातून तेव्हा ५१ रुपये जाणं म्हणजे काय, ते आईला विचारावं.

अण्णांच्या त्या प्रेमात तसूभरही खोट नव्हती. मी स्वतः त्यांच्याबरोबर डब्यापाशी उभी होते, माझ्याही डोळ्यांत पाणी होतं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पण त्याच जुलैत कामगार न्यायालयात तारीख होती. युनियनचे एक काका घरी आले. अण्णांच्याच वयाचे, शेजारच्या लेथवरचे. म्हणाले, मालक तडजोडीच्या भाषेवर आलाय, या वेळी सगळ्यांनी हजर राहायला हवं, संख्या दिसली पाहिजे. अण्णा उठून उभे राहिले. "पोरं तिकडं बर्फात मरताहेत आणि आपण चार महिन्यांच्या पगाराचं रडगाणं गायचं? शोभतं का हे आपल्याला?"

त्यांचा तो आवाज मी दोन वर्षांत ऐकलाच नव्हता. खणखणीत. गल्लीतली माणसं दारात आली. युनियनचे काका खाली मान घालून निघून गेले. नंतर कळलं, बऱ्याच घरांतून त्यांना तेच उत्तर मिळालं होतं, आणि बंद गेटवर कंपनीनंही सैन्याच्या अभिनंदनाचा मोठा फलक लावला होता. तारखेला दीडशेतले वीस-बावीस जण गेले. तडजोड बारगळली. ऑगस्टमध्ये एजंट यायचा बंद झाला.

अण्णांच्या त्या वाक्याशी मी पंचवीस वर्षं झगडते आहे. थकलेला पगार मागितल्यानं द्रासमधल्या कुठल्या जवानाचं काय कमी होणार होतं? मालकानं बुडवलेला पैसा काही सैन्याला जाणार नव्हता. तरी अण्णांच्या मनात या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या. आता मला असं वाटतं की त्या दोन महिन्यांत ते जिंकणाऱ्यांतले झाले होते. कोर्टात जायचं म्हणजे पुन्हा पैसे थकलेला, टाळं लागलेल्या कंपनीचा माणूस व्हायचं. ते त्यांना नको होतं. हे ज्यांना कळतं, त्यांना गेटवर फलक लावायचंही बरोबर सुचतं.

हे सगळीकडेच असं घडतं हे पुढे वाचनात आलं. १९८२ चं अर्जेंटिना. लष्कराची राजवट, महागाई शंभर टक्क्यांच्या वर, कारखाने बसलेले. ३० मार्चला ब्युनोस आयर्समध्ये कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. 'शांतता, भाकरी आणि काम' एवढीच मागणी. पोलिसांनी झोडपलं, माणसं उचलून तुरुंगात टाकली. तीन दिवसांनी, २ एप्रिलला, लष्करानं फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं, आणि शहराच्या त्याच चौकात तोच जनसमुदाय जयजयकार करत जमला. बायकांनी अंगावरचे दागिने युद्धनिधीला दिले. १४ जूनला शरणागती झाली तोवर अर्जेंटिनाचे ६४९ जण मेले होते, त्यांतली बरीचशी सक्तीच्या भरतीतली कोवळी पोरं. भाकरी आणि काम तिथंच राहिलं. त्या दागिन्यांचं वाचलं तेव्हा मला आमच्या चौकातला डबा आठवला. आमची लढाई लादलेली होती, आपली जमीन परत घेण्यासाठीची होती, त्यांची मुद्दाम काढलेली. हा फरक फार मोठा आहे. पण डब्यात पैसे टाकणारा हात मात्र तोच.

जर्मनीचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पोतंभर नोटा घेऊन पाव आणायला जायची ती महागाई १९२३ ची. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२८ च्या निवडणुकीत, नाझींना अवघी २.६ टक्के मतं होती. ती ३७ टक्क्यांवर गेली जुलै १९३२ मध्ये, महामंदीत, जेव्हा सरकारनं पगार आणि बेकारभत्ते कापत नेले. आणि ज्यांची नोकरी गेलेली होती ते बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे वळले. नाझींकडे गेले ते छोटे दुकानदार, कारागीर, खेड्यातले शेतकरी. ज्यांच्याकडे थोडंसं होतं आणि ते जाईल या धास्तीनं ज्यांची झोप उडाली होती, असे. वाचताना मला 'मुलगा कायम आहे' हे आठवत राहिलं. खाली पडलेल्या माणसाला निदान जमीन लागलेली असते. घसरणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

तिथंही कार्ड होतं. १९३८ मध्ये सरकारनं कामगारांना स्वस्त मोटारीचं वचन दिलं. दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवायचं, पुस्तिका भरली की गाडी. तीन लाखांहून जास्त लोकांनी तिकिटं चिकटवली. गाडी एकालाही मिळाली नाही, कारखान्यातून सैन्याची वाहनं बाहेर पडली. युद्धानंतर त्यांच्यातले काही कोर्टात गेले आणि तो वाद मिटायला १९६१ उजाडलं. मला त्या कोर्टात गेलेल्यांबद्दल फार आदर वाटतो.

आमच्या घरात याचा आणखी एक फेरा झाला, तो धाकट्या भावाचा. आयटीआय करून फिटर झाला आणि अंबडला कंत्राटदाराकडे लागला. सहा महिने भरत आले की ब्रेक द्यायचे, आठ-पंधरा दिवसांनी परत घ्यायचे. कायम हा शब्द त्याच्या वाट्याला आलाच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं आणि नाशिकमधून हजारो कामगार गाठोडी घेऊन नाशिकरोड स्टेशनकडे निघाले. भाऊ दोन रात्री त्या घोळक्यात होता. कुणाला मारलं नाही म्हणतो. ओरडलो, म्हणतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जौनपूरकडचा एक इस्त्रीवाला होता. दुसऱ्या रात्री तो मागच्या दारानं आला. कोळशाची पितळी इस्त्री, सात-आठ किलोची, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. ट्रेनमध्ये एवढं ओझं नेता येणार नव्हतं. "माताजी, रख लीजिए, आकर ले जाऊँगा." इस्त्री अजून कोमट होती, आई सांगते. म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत तो गिऱ्हाइकांचे कपडे पुरे करत होता. सगळे कपडे त्यानं घरोघर पोचवले होते. त्यांत माझ्या भावाचा शर्टही होता.

पंधरा-वीस दिवस कारखाने अडखळत चालले. मग कंत्राटदारांनी नवी माणसं आणली, काही जुनी परतली. भावाचे ब्रेक चालूच राहिले. इस्त्रीवाला आला नाही. ती इस्त्री आजही आईच्या मशीनखाली आहे, दर दिवाळीला आई ती चिंचेनं घासते. गेल्या वर्षी मी भावाला सरळ विचारलं, का गेला होतास रे? तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या दोन रात्री मला कुणी कंत्राटी म्हणालं नाही."

अण्णांच्या त्या खणखणीत आवाजाचं कोडं मला तेव्हा थोडंफार उलगडलं.

कुणी म्हणेल, मग देशाचं प्रेम गरिबानं करूच नये का. नाही, माझा राग प्रेमावर नाही. आपल्याकडे देशप्रेम आलं तेच मुळी हिशेब मागत आलं. न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडचे, १८४२ चा जन्म. त्यांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या लोकांनी १८७६ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सारा किती, पीक किती, माणसं किती मेली. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर एकच गणित मांडलं, या देशातून इंग्लंडात दरवर्षी किती संपत्ती वाहून जाते. देश हा शब्द या माणसांनी विचारायला वापरला. गप्प बसवायला तो कधी वापरायला लागले, ते मला नेमकं सांगता येणार नाही. आमच्या घरात मात्र ते जुलै १९९९ मध्ये झालं.

त्याच निफाडच्या एका शेतकऱ्यानं २०१८ च्या अखेरीला ७५० किलो कांदा विकला. हातात आले १,०६४ रुपये. ते त्यानं पंतप्रधानांना मनीऑर्डरनं पाठवून दिले. शिवी नाही, घोषणा नाही, नुसता आकडा. माझे मामा त्याच पट्ट्यातले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लासलगावचे भाव कोसळले, तेव्हा मामांनी तो आकडा पुन्हा काढला. म्हणाले, असं विचारता आलं पाहिजे.

आणि २०१८ च्याच मार्चमधला तो मोर्चा. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी, हजारोंच्या संख्येनं, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर पायी. मी नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळ उभी राहून बघत होते. एका म्हाताऱ्या बाईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक निळी, एक काळी. मागण्या साध्या. कसतो त्या वनजमिनीचा सातबारा आमच्या नावावर करा. मुंबईत पोचल्यावर दहावीचे पेपर चालू होते, पोरांचा खोळंबा नको म्हणून ही माणसं रात्रीच सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे चालत गेली. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, म्हणून २०१९ मध्ये आणि परत २०२३ मध्ये त्यांना निघावं लागलं. म्हणजे त्यांच्याही पदरी निराशा आलीच. पण हातात कागद होता, आणि तो दाखवून 'यातलं काय झालं' असं विचारता येत होतं. त्या बाईइतकं दारिद्र्य आमच्या घरानं कधी पाहिलेलं नाही, आणि तिच्याइतकं नेमकं मागणंही आम्हाला जमलं नाही.

अण्णांची शेवटची रांग नोव्हेंबर २०१६ ची. सदुसष्ट वर्षांचे होते, गुडघे गेलेले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जादा पाळ्या लावून नोटा छापल्या जात होत्या आणि अण्णा सातपूरला बँकेसमोर उभे होते. मी म्हटलं, मी उभी राहते. म्हणाले, "सियाचिनमध्ये पोरं उभी आहेत, मला दोन तास होत नाही का?" मी काही बोलले नाही. जानेवारीत ते गेले. बाद केलेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांतल्या १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं. तो आकडा अण्णांनी नक्की पेन्सिलनं लिहून घेतला असता.

त्या दुपारी मी सुतळी सोडली आणि सगळी पानं जमिनीवर पसरली. जुलै १९९९ चं पान सापडलं. खर्चाच्या बाजूला 'सैनिक निधी ५१'. त्याच्या खाली मीठ, रॉकेल, माझी वही. कोपऱ्यात, हिशेबाच्या बाहेर, बारीक अक्षरात, 'को. तारीख. गेलो नाही.'

पुढचं पान ऑगस्टचं. तिथून शिल्लकीच्या खाली दोन नव्या ओळी सुरू होतात. 'येणे, कंपनी २७,३५०. येणे, कार्ड ४,१५०.' सप्टेंबरात त्याच ओळी. ऑक्टोबरात त्याच. मी एकेक पान उलटत गेले. डिसेंबर २०१६ पर्यंत २०९ महिने त्यांनी त्या दोन ओळी पुढच्या पानावर ओढलेल्या आहेत. आम्हाला कुणालाही कधी बोलले नाहीत. शेवटच्या पानावर अक्षर कापतंय, रेघ पट्टीशिवाय मारलेली आहे, पण आकडे तेच, आणि बेरीजही बरोबर. येणे ३१,५००.

कॉमर्सला मला शिकवलं होतं की खातं मिटलं की बेरजेखाली दुहेरी रेघ मारायची. अण्णांनी ते माझ्याच वहीतून उचललं होतं. प्रत्येक पानावर जमेखाली दुहेरी रेघ आहे, खर्चाखाली आहे, शिल्लकीखाली आहे. येण्याखाली एकाही पानावर नाही.